मेल्यांनो, जेवून घ्या

४ जानेवारी
माझ्या कादंबरीवर सिनेमा येणार. दिग्दर्शकाचा फोन होता. मी शांतपणे बोललो. फोन ठेवल्यावर कळलं, रिसीव्हर उलटा धरला होता. तरी ऐकू आलं सगळं.

ही वही कोणासाठी नाही. तरी पुढेमागे कुणा अभ्यासकाच्या हाती पडलीच, तर सोय म्हणून कथानक लिहून ठेवतो. सेनापतीच्या नकाशावर चहा सांडतो. त्या डागाला सगळे तळं समजतात. दोन देश त्या तळ्यासाठी लढतात. तळं नसतंच. शेवटी सगळी पलटण मरते, उरतो एक आचारी. तोफांनी त्याचे कान गेलेले. तो पातेलं घेऊन मैदानात फिरतो आणि मेलेल्यांना हाक मारतो, ‘मेल्यांनो, जेवून घ्या.’ संपली कादंबरी.

आचारी म्हणजे दादा. माझा थोरला भाऊ सैन्यात आचारी होता, तिकडेच गेला. कादंबरीत मी त्याला जगवला.

वहिनीला सांगितलं. बटाटे सोलत होती. म्हणाली, सिनेमा? मग आधी केस कापून ये. मी म्हणालो, वहिनी, दादाचं ते वाक्य तू पडद्यावर ऐकशील, हा माझा शब्द. ती उठली. पातेल्यावरचं झाकण शोधत राहिली. वाचनाची आवड नाही तिला. वीस वर्षं पुस्तक घरात आहे, एकदा तरी उघडलंय का, देव जाणे.

संकल्प : एक स्वल्पविरामही बदलू देणार नाही.

९ जानेवारी
दिग्दर्शकांना भेटलो. खोलीतही टोपी घालून असतात, म्हणून इथे त्यांना टोपीवाले म्हणणार. म्हणाले, एका बैठकीत वाचली, झोप उडाली. थोड्या वेळाने विचारलं, शेवटी काय होतं? माझी परीक्षा घेत होते. मी सांगितलं. फार प्रभावित झाले.

पटकथा लिहिणारी मुलगी कोपऱ्यात बसली होती. तिच्याकडच्या प्रतीची पानं दुमडून दुमडून जाड झाली होती. पुस्तक जपून वापरायची सवय नाही या पिढीला.

करारावर सही केली. बारीक अक्षर होतं आणि चष्मा घरी. पण माणूस बघून कळतं.

सोफा खूप खोल. उठताना डावा पाय बधिर.

२७ जानेवारी
फोन नाही. उत्तम. लेखकाला मोकळं सोडतात ही चांगली खूण.

वहिनी म्हणाली, तूच कर की. मी म्हणालो, आपण नसतो करायचा. दुपारी केला. उचलला नाही.

२ फेब्रुवारी, संध्याकाळ
शूटिंगची जागा ठरली. निर्मात्याच्या मित्राची जमीन आहे, फुकट मिळतेय. अडचण एकच, तिथे खरोखरचं तळं आहे. कॅमेरा कुठेही लावला तरी दिसतं.

म्हणजे चहाचा डाग गेला.

मी ठामपणे विचारलं, मग ते लढतात कशासाठी? टोपीवाले म्हणाले, तळ्यासाठी. मी म्हणालो, अहो, मग ती शहाण्यांची लढाई झाली. ते म्हणाले, अगदी बरोबर बोललात! आणि मला मिठी मारली. इतका मोकळा माणूस मी पाहिला नाही.

एका अर्थी सुधारणाच. डाग दाखवायला अवघडच होता. आता होडीतलं गाणंही घेता येईल म्हणाले. मी म्हणालो, एकच घ्या. इथे मात्र मी माघार घेतली नाही.

(दोन घेतायत.)

१५ फेब्रुवारी
मोठी बातमी. सिनेमाच्या हिरोला शेवटचा प्रसंग इतका आवडला की तो स्वतःच करणार आहे. हिरो कॅप्टन आहे. म्हणजे मैदानातून कॅप्टन फिरणार.

वहिनीला सांगितलं, दादाचा रोल हिरोला गेला. तिने विचारलं, त्याला येतो का स्वयंपाक? मी म्हणालो, तो कॅप्टन आहे गं. तिने विचारलं, मग हे कुठे गेले? म्हटलं, आहेत ना, पण अर्करूपाने. ती म्हणाली, अर्क म्हणजे उकळून उकळून शेवटी उरतं तेच ना? आणि हसली.

विनोदबुद्धी आहे तिला. माझ्या सहवासाने आली असावी. तिला एकटं वाटू नये म्हणून मी निवृत्तीनंतर इथे राहायला आलो. स्वयंपाक, कपडे, बिलं, बाजार ती बघते, बाकी सगळं मी.

संकल्प : वाक्याला कोणी हात लावायचा नाही. बाकी तपशील.

३ मार्च
वाक्याबद्दल मीटिंग. लष्करी सल्लागार आले होते, मिशा असलेले. त्यांचं म्हणणं, सैनिकांना ‘मेल्यांनो’ म्हणता येणार नाही, अपमान आहे. पटकथावाली उसळून म्हणाली, अहो, लाडाने म्हणतात तसं आहे ते! आणि ते खरोखरच मेलेत, तिथेच तर सगळं आहे ना! सल्लागार म्हणाले, आमच्यात मरत नाहीत, धारातीर्थी पडतात. ती म्हणाली, मग ‘धारातीर्थी पडलेल्यांनो, जेवून घ्या’ म्हणायचं का? टोपीवाल्यांनी ते लिहून घेतलं.

मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, सर, महिनाभर मी एकटी भांडतेय. तुम्ही एकदा फक्त नाही म्हणा.

सगळे माझ्याकडे बघत होते. पंखा चालू होता. मी म्हणालो, भाषा प्रवाही असते.

ती बराच वेळ बघत राहिली. नजर कौतुकाची असावी. मग पानं गोळा करून गेली.

ठरलेलं वाक्य : ‘शूरांनो, भोजन घ्या.’ दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. लय राहिलीय. ‘घ्या’ तर माझंच आहे.

घरी वहिनीने विचारलं, काय ठरलं? म्हटलं, वाक्य राहिलं. बरं झालं, म्हणाली, हात धू.

१९ मार्च, शूटिंग
मला लेखक म्हणून खुर्ची दिली होती. अर्ध्या तासाने हिरोच्या मेकअपवाल्याला लागली. तेवढ्यात टोपीवाल्यांना कल्पना सुचली. मेलेले कमी पडतायत, लेखकानेच मैदानात पडावं. याला पाहुणा कलाकार म्हणतात. भल्याभल्यांना हा मान मिळत नाही.

गणवेश घातला, कपाळाला लाल लावलं, चिखलात झोपलो. सूचना एकच, श्वास दिसता कामा नये. शेजारचा मेलेला अनुभवी होता. कुजबुजला, काका, पोटाने नका घेऊ, छातीने घ्या. मी म्हणालो, मी या सिनेमाचा लेखक आहे. तो म्हणाला, असू दे, तरी छातीनेच घ्या.

हिरो आला. माझ्या हातावर पाय देऊन पुढे गेला. कळलंच नाही. नंतर बोटांवर बुटाची नक्षी दिसली. हिरो म्हणाला, शूरांनो, भोजन घ्या. टोपीवाले म्हणाले, परत. पुन्हा शूरांनो, पुन्हा परत. डोळे मिटून ऐकत होतो. काही तरी वाटायला हवं होतं. वाट पाहिली. काही वाटलं नाही. माती फार गार होती.

मग कॅन्टीनवाला मोठा डाव पातेल्यावर आपटत आला आणि ओरडला, चला रे, जेवून घ्या! आणि सगळे मेलेले उठले. हसत, कपडे झटकत, कोणी कोणाच्या पाठीवर थाप मारत. मैदानभर मेलेले उठून जेवायला निघाले.

मी राहिलो. पाय कंबरेपासून बधिर झाला होता. हाक मारायला संकोच वाटला. शेवटी पटकथावालीने बघितलं, हात दिला. तिचे डोळे लाल होते, धुळीने असतील. म्हणाली, सर, बघितलंत ना आत्ता काय झालं? मी म्हणालो, हो, रांग लांब झाली.

बटाटे संपले होते.

जेवताना टोपीवाल्यांनी विचारलं, तुमचा तो खरा आचारी कसा गेला? मी सांगितलं. तंबूत होता, चुलीपाशी. तंबूवर गोळा पडला. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, हे फार व्हिज्युअल आहे.

विचारावं तर लागतंच त्यांना. सगळं वापरतात असं थोडंच आहे.

११ एप्रिल
पाय अजून मधूनमधून बधिर. डॉक्टरांकडे. त्यांनी सुई टोचून विचारलं, दुखतंय? म्हटलं, नाही. इथे? नाही. कधीपासून? आठवलं नाही. घरी ताण आहे का, विचारलं. मी म्हणालो, सिनेमा करतोय. गोळ्या दिल्या.

संकल्प : रोज चालायचं. आज ऊन होतं.

६ जून
पोस्टर लागलं. तळं आहे, हिरो आहे, होडीतली मुलगी आहे. खाली लहान अक्षरात ‘एका कादंबरीवरून’. ‘एका’ या शब्दाने कृती व्यक्तीच्या पलीकडे जाते. माझं नाव घातलं असतं तर संकुचित झालं असतं.

वहिनीने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, कुठल्या एका?

पटकथावालीने काम सोडलं म्हणे. टिकत नाहीत ही मुलं.

२० जून, दुपारचा खेळ
हे थोडक्यात लिहितो.

वहिनी चांगले कपडे घालून आली. पर्समध्ये पाण्याची बाटली, खोकल्याच्या गोळ्या. मध्यंतरापर्यंत तिला सिनेमा आवडला. तळं छान आहे म्हणाली.

मध्यंतरानंतर एक तंबू दिसला. आत एक माणूस पाठमोरा, पातेल्यात डाव फिरवत होता. त्याला तोंड नव्हतं, म्हणजे दाखवलं नाही. वहिनी पुढे वाकली. म्हणाली, हेच का ते? मी हो म्हणायच्या आत तंबू उडाला. दोनच सेकंद. पुढच्या शॉटमध्ये होडी.

ती तशीच वाकलेली राहिली. मागच्याने सांगितलं, बाई, मागे टेका, दिसत नाही. मग टेकली.

ते मीच सांगितलं होतं त्यांना. जेवता जेवता.

शेवटी हिरो मैदानात आला. आता वाक्य, म्हणून मी तिच्याकडे बघितलं. हिरोचे ओठ हलले आणि वर व्हायोलिनं, ढोल, शंभरेक माणसांचा कोरस. एक अक्षर ऐकू आलं नाही. पडद्यावर मी जमिनीवर होतो. डावीकडून चौथा. श्वास घेताना दिसलो.

दिवे लागल्यावर पाहिलं, वहिनीने माझा हात धरला होता. कधी धरला होता, कळलं नाही.

२० जून, संध्याकाळ
घरी आलो. तिने गॅस लावला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, दादाच्या वाक्यासाठी मी फार भांडलो, वहिनी.

तिने मागे न बघता विचारलं, कोणाच्या वाक्यासाठी?

दादाच्या. मेल्यांनो, जेवून घ्या.

ती म्हणाली, हे कधी असं म्हणाले रे? ताट पुढे ठेवायचे आणि गप्प बसायचे. सुट्टीवर आले तरी घरात आवाज नसायचा यांचा. पुस्तकातली ती हाक माझी. तुम्ही दोघं बाहेर पायरीवर पत्ते कुटत बसायचात, जेवण गार व्हायचं, मग मी खिडकीतून ओरडायची.

मला ती खिडकी दिसली. निळे गज होते. दादाच्या हातात पत्ते होते, तो हसत होता, आवाज न करता. आवाज खिडकीतून येत होता.

मी म्हणालो, तुला कसं माहीत पुस्तकात काय आहे?

म्हणाली, आलं तेव्हाच वाचलं. दोनदा. शेवटचं पान आलं आणि म्हटलं, हा आवाज तर माझा आहे. मग म्हटलं, असू दे. यांच्या तोंडी घातलंस ना. तेवढं तरी बोलले.

मी बाहेर येऊन खुर्चीत बसलो. वीस वर्षं. वही काढली. उद्यापासूनचे संकल्प लिहावेत म्हणून तारीख घातली, पुढे काही सुचलं नाही. बोटं दुखतायत. बूट पडला होता तीच.

आतून ताटाचा आवाज आला. मग ती ओरडली, मेल्या, जेवून घे, गार होतंय.

पाय बधिर झालाय. उठतोय.