डेपोवर परत सापडलेला आमचाच अर्ज

प्रति,
मा. अधिकारी साहेब,
घनकचरा उपकचेरी (दक्षिण), बडोदे.

विषय : सोमवारी डेपोचे फाटक पास नसलेल्यांना बंद होण्याआधी एक्केचाळीस बायांना कचरा वेचण्याचे पास मिळण्याबाबत.
संदर्भ : आमचा दि. २७ जानेवारीचा अर्ज (आता वाळलेला).

महोदय,

अर्जदार अहल्या सोनकांबळे, वय ४७, शहराबाहेरच्या डेपोवर बावीस वर्षे कचरा वेचते. साहेबांच्या घरी मराठी बोलतात असे कळल्यावरून हा अर्ज मराठीत आहे. अर्जदाराचे शिक्षण डेपोवर आलेल्या पाठ्यपुस्तकांवर झाले असून सहावीचे पुस्तक अखंड असे कधी मिळाले नाही, तरी मजकुरातले खळगे सांभाळून घ्यावेत.

१. पाससाठी एक्केचाळीस जणींच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज जानेवारीत खिडकीवर दिला. 'मिळाला' असा शिक्का अर्जदाराच्या डोळ्यांदेखत मारला गेला. पोच मागितली तर खिडकीवरचे भाई म्हणाले, "अहल्याबेन, विश्वास नथी?" विश्वास होता, म्हणून पोच घेतली नाही.

२. डेपोवर पिशवी फोडली की ती कुठली ते आम्हांला कळते. मांजलपूरच्या पिशवीत पार्सलांची खोकी, वाडीच्या पिशवीत उत्तरायणानंतर महिनाभर मांजा. दहा फेब्रुवारीस एकीतून चहाचे कागदी पेले आणि कागदांना भोके पाडताना पडतात त्या टिकल्या निघाल्या, तेव्हा अर्जदार म्हणाली, "ही कचेरी." त्याच पिशवीत आमचा अर्ज होता, शिक्क्यासकट. आमच्यातल्या इंदिराबाईंनी आपला अंगठा लगेच ओळखला. त्यावर काचेने कापल्याची चीर आहे.

३. अर्ज पुसून, वाळवून पुन्हा खिडकीवर नेला. उत्तर मिळाले की असा अर्ज आलेलाच नाही. आणि हा तोच असेल, तर डेपोवरची वस्तू पासशिवाय उचलल्याचा गुन्हा अर्जदारावर लागतो. पास कशासाठी मागतो आहोत, हे त्यांना पुन्हा सांगितले. त्यांनी खिडकी लावून घेतली.

४. आम्ही निवडतो ते प्लास्टिक, पुठ्ठा, पत्रा पुन्हा कारखान्यात जाते. नाहीतर कचऱ्याच्या डोंगरात गाडले जाते, आणि उन्हाळ्यात डोंगर आतून धुमसतो. कुठे पेटणार ते इंदिराबाईंच्या तळपायांना आधी कळते. त्या हाक मारतात, आम्ही माती टाकतो. सोमवारपासून सगळे यंत्र करील म्हणतात. यंत्राला चटका बसत नाही, साहेब.

इंदिराबाई चौसष्ट वर्षांच्या आहेत, मागे कोणी नाही. फाटकाचे अर्जदाराने त्यांना अजून सांगितलेले नाही. काल त्यांनी विचारले, "सोमवारी किती वाजता निघायचं गं?" अर्जदार म्हणाली, "नेहमीसारखं." ते खोटे ठरू नये, एवढीच विनंती.

तरी रविवारपर्यंत पास द्यावेत. हाही अर्ज टाकायचाच झाला, तर कृपया सोमवारच्या आत टाकावा. त्यानंतर तो ओळखून परत आणून द्यायला तिथे कोणी नसेल.

आपल्या खिडकीकडे डोळे लावून,
अहल्या सोनकांबळे
(व चाळीस जणी)
बडोदे, दि. १२ मार्च २०२५

सोबत : मूळ अर्ज, शिक्क्यासह. चहाचा डाग आमचा नाही.