ठिणगीची दांडी

विस्कॉन्सिन, १८ एप्रिल १९२०

प्रिय एइनार,

पुढचं वाचून घाबरू नयेस म्हणून आधीच सांगते: माझी सिग्ने वाचली. आज सकाळी वाटीभर लापशी खाल्ली आणि आणखी हवी म्हणून भोकाड पसरलं. दोन वर्षांच्या पोरीचं रडणं इतकं गोड लागेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते.

घटसर्प होता. मंगळवारी दुपारी तिचा श्वास घरघरायला लागला. नवरा जंगलात लाकूडतोडीला, घोडे नांगर ओढून दमलेले आणि डॉक्टर नऊ मैलांवर. उरली बाबांची फोर्ड. तू गेल्यापासून ते तिला डबडं म्हणतात, पण विकत नाहीत. त्यांच्या ज्या मोडलेल्या मनगटापायी त्यांनी चार वर्षांपूर्वी तुला घराबाहेर काढलं, ते वाकडंच जुळलंय. त्याने गाडी सुरू करायचं पुढचं हँडल फिरत नाही. म्हणून ते स्टिअरिंगच्या चाकामागे बसले, सिग्नेला शेजारी गोधडीत ठेवलं आणि हँडल मी मारलं. डाव्या हाताने, अंगठा बाजूला ठेवून, तू शिकवलंस तसं. पण हँडल उलटं फिरू नये म्हणून आधी त्या चाकाखालची ठिणगीची दांडी वर आहे ना, हे मी तीनदा पाहिलं. बाबा खेकसले, "अगं, पोरगी इथे गुदमरतेय आणि तू दांडी काय बघत बसलीस!"

पेट्रोल तळाला गेलेलं. शेजारच्या ब्रेक्केंच्या शेताजवळचा चढ सरळ घेतला असता तर सीटखालची टाकी इंजिनापेक्षा खाली जाऊन थेंबही त्याला पोचला नसता, म्हणून गाडी वळवून रिव्हर्समध्येच चढवली. मी मागे वळून ओरडत होते, "डावीकडे, बाबा! खड्डा!" पलीकडच्या उतारावर तर ते चाक लगामासारखं ओढून, घोडा थांबवावा तसं "हो, राजा, हो!" करायला लागले. त्या भीतीतही मला हसू फुटलं. डॉक्टरांनी घटसर्पाच्या विषावरचं औषध टोचलं आणि म्हणाले, "संध्याकाळी आला असतात तर माझ्या हातात काही उरलं नसतं."

दिवसभर एकच नट आवळायचा, याला काय काम म्हणायचं, असं तू फोर्डच्या कारखान्यातून लिहिलं होतंस. म्हणायचं, एइनार. तसा एकेक नट आवळून गाडी चारशे डॉलरच्या आत आली नसती, तर आमच्यासारख्यांच्या दारात कशाला उभी राहिली असती?

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. त्या रविवारी चर्चला निघताना दांडी तू वर केली होतीस. तू शपथेवर सांगत होतास ते खरं होतं. तू गोठ्याचं दार लावायला गेलास, तेवढ्यात मी चाकामागे बसून गाडी चालवल्याचा आव आणला आणि दांडी खाली ओढली. बाबांनी हँडल मारलं, ठिणगी वेळेआधी पडून ते उलटं फिरलं आणि मनगट मोडलं. ते तुला "बेपर्वा, चालता हो" म्हणाले तेव्हा मी आत बटाटे सोलत राहिले. मंगळवारी डॉक्टरांकडून परतताना मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी गाडी कडेला थांबवली. मग म्हणाले, "त्या पोराला मी हाकललं, आणि तू हे आज सांगतेस?" तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीत, ते माझं मी बघून घेईन. पण आज माळ्यावर जाऊन तुझ्या खाटेवरची बियाण्यांची पोती त्यांनी एकेक करून खाली उतरवली. एका हाताने. मला हात लावू दिला नाही. माझ्यावर हवं तेवढं रागव, तुझा हक्कच आहे. पण ये. खाट मोकळी झाली आहे.

तुझीच अपराधी बहीण,
रॅग्ना