झेपी पुन्हा पाय उचलतो

पासाऊ, रविवार

ती. हेडविगताईस,

धाकट्या ओट्मारचा नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे झेपीचं बरं चाललंय, म्हणून माझंही.

फोनवर तुला अर्धवटच कळलं असेल (तू 'झोपव आता त्याला कायमचा' म्हणालीस आणि मी फोन आपटला), म्हणून सविस्तर लिहितो. लांबलचक पाठीचा आणि वीतभर पायांचा आमचा हा कुत्रा सोफ्यावरून उडी मारायला गेला आणि मागचे दोन्ही पाय घालवून बसला. मणक्यातली गादी सरकली. ऑपरेशन त्याच्या हृदयाला सोसणार नाही, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं. राहिल्या गोळ्या, पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती आणि डॉक्टर रोझविटाबाईंच्या सुया.

बाई पशुवैद्यच, पण गोळ्यांच्या जोडीला चिनी पद्धतीने सुया टोचतात आणि पाण्यात चालवतात. पहिली सुई टोचली तेव्हा मी डोळे मिटले; उघडले तर झेपी घोरत होता आणि नर्सबाई मला पाणी पाजत होत्या. पाण्याचं प्रकरण मात्र अवघड. काचेच्या टाकीत कोमट पाणी, तळाशी सरकता पट्टा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला विकायलाच आणलंय.

"तुम्हीच उतरा आत," बाई म्हणाल्या.

"या पँटीत?"

"पँट काय, भिजली तरी वाळेल, ओट्मारकाका. त्याचे पाय वाळायला नकोत."

उतरलो. सॉसेजचा तुकडा त्याच्या नाकासमोर धरून वाकलेलाच राहिलो. कित्येक आठवडे पाय नुसते लोंबत होते. मूत्राशयसुद्धा मीच दाबून रिकामं करायचो (तू जेवायला बसली नसशील अशी आशा आहे). माझी एर्ना गेल्यापासून घरात माझं बोलणं ऐकणारा हा एकटाच, ताई. त्याला कसा झोपवू?

मग एकदा बोटं हलली, नंतर शेपटी. आणि परवा टाकीतून काढून पुसत होतो, तर गडी निसटला, झोकांड्या खात खुंटीवरच्या कोटापाशी गेला, एक पाय उचलला, कोलमडला आणि पडता पडता धार सोडलीच!

"स्वतःहून केली! स्वतःहून!" बाई ओरडल्या. बाहेर बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी चक्क रडलो.

तुझा,
ओट्मार

ता. क. : कोट लुडविग भावोजींचा. त्यांची आठवण म्हणून तू मला दिलेला, तोच. लोकरीतला वास कशाने जातो, ते कळव.

आणखी ता. क. : ईस्टरला आम्ही दोघं तुझ्याकडे राहायला येतोय. लाकडी जमिनीवर तो घसरतो, तेव्हा घरभर सतरंज्या अंथर. जुन्याच अंथर. पायांचा अजून भरवसा नाही, बाकी सगळं जोरात सुरू झालंय.