फाट्यावरचा ढीग

अब्बा, मी आत्ता गाडीत बसलो आहे आणि गाडी हलत नाही. बिघडलेली नाही. पुढे वाळू आली आहे, मागेही आली असणार, आणि शावल येईपर्यंत काच वर करून बसण्याशिवाय इलाज नाही. इथे लोडरला सगळे शावल म्हणतात, मीही म्हणतो. वारा सकाळपासून सुटला आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत तुम्हाला दोन ओळी लिहाव्यात असं कधी सुचलं नाही, आणि आज लिहितो आहे ते तपासणीच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीमागे, कारण गाडीत दुसरा कागद नाही. असाच एक फॉर्म मी दोन आठवड्यांपूर्वी भरून दिला. तेच सांगायचं आहे, पण सरळ तिथेच येववत नाही, म्हणून जरा लांबून येतो.

मी इथे नेमकं काय करतो हे तुम्हाला कधी नीट कळलं नाही. मशिदीबाहेर कुणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "दुबईला असतो." मी दुबईपासून तीन तास लांब, रुवैसच्या अलीकडे, वाळवंटातल्या रस्त्यांवर असतो. तुम्ही घाटात मैलकुली होतात. तुमच्या अंगावर पाच मैल रस्ता, एक फावडं, एक घमेलं आणि काठीला बांधलेलं लाल फडकं. माझ्याकडे चार शावल, दोन ग्रेडर आणि सगळ्यांवर नजर ठेवणारा एक जीपीएस आहे. काम मात्र तेच. तुमच्या रस्त्यावर डोंगर उतरायचा, माझ्या रस्त्यावर वाळू चढते. आमच्याकडे थंड देशातून आलेला एक इंजिनियर आहे. तो म्हणतो, आमच्याकडे हेच बर्फाचं करतात, यादीसुद्धा अशीच. आधी मोठा रस्ता, मग शाळा-दवाखान्यांचे रस्ते, सगळ्यात शेवटी आडवाटा. फक्त आमचा बर्फ वितळतो, तुमची वाळू वितळत नाही, असं म्हणून तो एकटाच हसतो.

या कामात एक गोष्ट आहे, तुम्ही ती न सांगता ओळखाल. शावल मोठ्या रस्त्यावरची वाळू कडेला लोटत जातं. जिथे एखादी आडवाट येऊन मिळते तिथे चालवणाऱ्याने वाळू बकेटात उचलून फाटा ओलांडून पुढे टाकायची असते. यात वेळ जातो. नाही उचलली तर मोठा रस्ता आरशासारखा साफ होतो आणि आडवाटेच्या तोंडावर ढीग उभा राहतो. आत राहणारा माणूस आतच. इथल्या आडवाटा बहुतेक इज्ब्यांकडे जातात. इज्बा म्हणजे मेंढ्या-उंटांचा वाडा. मालक शहरात आणि वाड्यावर एखादा म्हातारा राखणदार, बारा महिने.

आत्ता मी ज्या फाट्यासमोर अडकलो आहे तिथल्या इज्ब्यावर एक पठाण चाचा होता. साठी उलटलेला, दाढी मेंदीने रंगवलेली. येताजाता मला हात करायचा, आणि थांबलो तर बकरीच्या दुधाचा चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही. तो फॉर्म भरण्याच्या काही दिवस आधी असाच वारा होऊन गेला होता. रिफायनरीच्या बसेस एकामागे एक तुंबलेल्या, हॉर्न वाजताहेत, ऑफिसचे फोनवर फोन. शावल या फाट्याशी आलं तेव्हा मी स्वतः इथे उभा होतो. चालवणाऱ्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "साहब, ये माल उस तरफ डालूं?" मी म्हणालो, "यल्ला यल्ला, आगे चलो, ये बाद में देखेंगे." वाळू तिथेच पडली. बसेस गेल्या. मला ऑफिसातून शाबासकी आली.

दुपारी चाचाचा फोन आला. आमच्या पिवळ्या पाटीवर माझाच नंबर आहे. "साहब, रास्ते के मुंह पे पहाड़ खड़ा है. पानी का टँकर देख के वापस चला गया. मेरे पास माल है, पानी नहीं है." माल म्हणजे त्याच्या मेंढ्या. मी म्हटलं, चाचा, लिस्ट में है, परसों आएगा, इन्शाल्ला. दुसऱ्या दिवशी त्याने दोनदा फोन केला. दुसरा मी उचलला नाही. शावल यादीबाहेर वळवलं की जीपीएसवर दिसतं, जाब द्यावा लागतो, आणि माझं काँट्रॅक्ट याच महिन्यात संपत होतं. पण हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. तीस मिनिटांचं काम होतं, माझ्या हातात होतं, आणि मी केलं नाही. तिसऱ्या दिवशी यादीप्रमाणे गेलो तेव्हा त्याने फावड्याने ढिगातून एक माणूस जाईल एवढी वाट खणली होती. मोठ्या रस्त्यावर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांकडून पाण्याचे कॅन मागून तो आत नेत होता. हातांना चिंध्या बांधलेल्या. अकरा मेंढ्या गेल्या होत्या, कुंपणाशी ओळीने ठेवल्या होत्या. तो मला एक शब्द वाईट बोलला नाही. त्या दिवशी चहा मात्र विचारला नाही.

आणि तेव्हापासून अब्बा, मला आपला घाट सुटत नाही. मी सातवीत असेन. दरड आली आहे, दोन दिवस रस्ता बंद, आणि तुम्ही आणि तुमची माणसं ती उपसून एसटी सोडता. मी तुमचा डबा घेऊन आलो आहे, अम्मीने तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली आहे. घाईत सगळी माती धनगरवाड्याच्या पायवाटेवर पडली आहे. दुसऱ्या दिवशी एक धनगर दुधाची कासंडी घेऊन तो ढीग चढताना घसरतो आणि त्याचा पाय मोडतो. मग साहेब येतात, जीप थांबवून वरूनच विचारतात, "काय रे, ही माती दरडीनं आणली ना?" प्रश्नातच उत्तर ठेवलेलं होतं. तुम्ही फक्त मान हलवायची होती. तुम्ही टोपी काढता आणि म्हणता, "नाही साहेब. ढीग माझा आहे." साहेबांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांना त्या शब्दांचा राग आला नाही, अडचण झाली. तुमची बदली झाली, पार पलीकडच्या घाटात. दीड वर्ष तुम्ही फक्त जुम्म्याला घरी यायचात, कधी तेही नाही.

मी तुमच्याशी भांडलो होतो, आठवतं? पहिल्याच जुम्म्याला. म्हटलं, दरडीने आणली म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं, कुणाला कळणार होतं? तुम्ही जेवत होतात. हात तसाच खरकटा ठेवून उठलात आणि मला मनगटाला धरून एवढी चढण चढवून त्या ढिगाशी नेलंत. "बघ," म्हणालात. "दरडीनं आणलेला धोंडा खाली लांब जाऊन बसतो, बारीक माती वर राहते. हा बघ, धोंडा-माती एकत्र कालवलेली. हे माणसाचं काम आहे. गाढवा, मला दिसतं तर धनगराला दिसत नसेल?" मग तुम्ही तिथेच पानाला हात पुसून फावडं घेतलंत आणि मलाही घ्यायला लावलंत. मी रडत रडत माती ओढली. तुमचा तेव्हा फार राग आला होता. मला बाप घरात हवा होता, आणि तुम्ही तो एका मातीच्या ढिगासाठी घालवलात असं वाटलं. खरं सांगायचं तर ते अजूनही थोडं वाटतं.

इकडे इज्ब्याच्या मालकाने तक्रार केली. चाचाने त्याला सांगितलं होतं की ढीग मशीनने घातला. ऑफिसातून माझ्याकडे फॉर्म आला. त्यात एकच रकाना महत्त्वाचा होता, अडथळ्याचं कारण. मी फॉर्म सुट्टीला घरी घेऊन गेलो, शारजाला अल नहदात आमचा फ्लॅट आहे. बायको म्हणाली, "रिन्यूवलची साइन झाली का हो?" तुमची नात बारावीला आहे. तिचा व्हिसा, तिच्या आईचा व्हिसा, सगळं माझ्या व्हिसावर टांगलेलं. मी फॉर्म समोर ठेवून बसलो होतो, तर ती मागून येऊन म्हणते, "डॅड, व्हाय सो सीरियस? इट्स जस्ट सँड." मी लिहिलं, 'वाऱ्याने साचलेली वाळू'. सोबत फोटो जोडायचा होता. तो मी पहिल्या दिवशी फाट्यावरून निघतानाच एका बाजूने काढून ठेवला होता, चाकांचे ठसे येणार नाहीत असा. म्हणजे बघा, मनात आधीपासून होतं. वाऱ्याचा ढीग एका अंगाने लांब उतरत जातो, वर बारीक लाटा असतात. शावलचा ढीग उभा असतो आणि त्यात डांबराचे तुकडे निघतात. तुम्ही हा देश कधी पाहिला नाहीत, पण फोटो बघून एका क्षणात सांगितलं असतंत.

मालकाला उत्तर गेलं की कारण नैसर्गिक. मालक म्हणाला, म्हणजे म्हाताऱ्याने आळस केला आणि वर खोटं बोलला. खलास. व्हिसा कॅन्सल. काल चाचा आमच्या यार्डात आला, एक पिशवी आणि दोरीने बांधलेली वळकटी घेऊन. मला वाटलं भांडायला आला. तो म्हणाला, "साहब, जा रहा हूं, सलाम करने आया." मग अगदी हळू, "नौकरी की बात नहीं है. वो मुझे झूठा बोला. आप तो वहां खड़े थे ना साहब? मशीन का ढेर था ना?" आजूबाजूला माझी माणसं होती. शावलवालाही होता, तो खाली बघत होता. मी म्हणालो, "हवा बहुत थी उस दिन, चाचा." त्याने वळकटी खांद्यावर घेतली. मग म्हणाला, "हां, हवा तो थी," आणि माझ्याशी हात मिळवून गेला. त्याच्या तळहाताच्या फोडांवर अजून खपल्या होत्या.

माझी सही झाली आहे, अब्बा. दोन वर्षं. बायकोने शेवया केल्या. दोन वर्षं मी रोज या फाट्यावरून जाणार. चाचा कदाचित आज विमानात बसेल, कदाचित अजून मालकाच्या कुठल्या खोलीत कागदांची वाट पाहत असेल. त्याचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. कोरे फॉर्म इथे मांडीवर आहेत, आणि त्यातला एक मी या लिहिण्याने खराब केला. दुसरा भरता येतो. ते मला माहीत आहे, आणि मी तो भरत नाही, हेही मला या क्षणी माहीत आहे.

शावलचा पिवळा दिवा लांबून दिसतो आहे. आता उतरून त्याला सांगावं लागेल की वाळू फाट्याच्या पलीकडे टाक. आज सांगेन. आत नवा राखणदार आला आहे, त्याने मघाशी फाटकातून हात केला. हा कागद घडी करून सन-व्हायझरमागे ठेवतो, तो कुठे पाठवायचा हे काही मला ठाऊक नाही. मघाशी, हे लिहायला घेण्याआधी, तुमचं ते वाक्य मी एकदा मोठ्याने म्हणून पाहिलं. ढीग माझा आहे. बाहेर एवढा वारा, रस्त्यावर चिटपाखरू नाही. तरी म्हणण्याआधी मी काच पूर्ण वर आहे ना, ते हात लावून पाहिलं.