अकरा वाजून दहा मिनिटांची लहर

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
मेंदू संशोधन संस्था.

विषय : संस्थेच्या इमारतीतील सफाई कर्मचारी (ज्यांना सगळे मावशी म्हणतात) यांच्या चौकशीत साक्षीदार म्हणून केलेली माझी सही मागे घेण्याबाबत, तसेच त्यांना ३१ ऑगस्टपासून कामावरून कमी करण्याची नोटीस रद्द करण्याबाबत.

संदर्भ : १) आपली नोटीस, दि. १७ ऑगस्ट. २) गच्चीवरील दोरी काढण्याचे आपले परिपत्रक, दि. १२ सप्टेंबर (गतवर्ष). ३) वाटीभर मिठाचे पाणी.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून पुढील बाबी आपल्या निदर्शनास आणत आहे. विषय किळसवाणा असल्याने हा अर्ज जेवणानंतर लगेच वाचू नये, ही विनंती.

१. मी या संस्थेत गेली नऊ वर्षे संशोधक आहे. उंदरांच्या मेंदूत केसाहून बारीक तारा बसवून, खाऊची वाट ते कशी लक्षात ठेवतात हे मी पाहते. प्रत्यक्षात माझा निम्मा दिवस लेंड्या उचलण्यात जातो आणि उरलेला निम्मा पडद्यावरची खरखर कुठून येते ते शोधण्यात. कधी ट्यूबलाइट निघते, कधी शेजारच्या खोलीतला पंखा. घरी सासूबाई रोज कौतुकाने विचारतात, "आज काय शोध लागला गं?" मी सांगते, "पंखा."

२. गतवर्षी १४ सप्टेंबर रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी जागा उंदीर पेटीत फिरत असताना पडद्यावर एक संथ लहर उमटली. दर दोन सेकंदांनी एक, अशी पाच मिनिटे. दुसऱ्या दिवशीही उमटली, त्याच वेळी. उंदराला साडेअकराला खाऊ मिळतो. त्याला आधीच खाऊची आठवण येते, असा अर्थ मी काढला. विभागप्रमुखांनी तिला 'स्मृतिलहर' असे नाव दिले. एप्रिलपर्यंतच्या नोंदींवर आमचा शोधनिबंध जूनमध्ये प्रसिद्ध झाला, विभागप्रमुखांना शाल मिळाली आणि मला त्यांच्यासोबत फोटो.

३. दि. ३ ऑगस्ट रोजी उंदीर आजारी होता. पुढच्या उंदरासाठी यंत्राला जोडलेली नवी तार कोरडी पडू नये म्हणून मी ती वाटीभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली आणि यंत्र बंद करायला विसरले. अकरा वाजून दहा मिनिटांनी मिठाच्या पाण्याला खाऊची आठवण येऊ लागली. मी वाटीकडे पाहत उभी राहिले. ही तपासणी पहिल्याच आठवड्यात करायची असते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. मला अकरा महिने सुचले नाही, कारण मला लहर हवी होती.

४. माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे या मजल्यावरचे एकमेव स्वच्छतागृह आहे. खरखर बहुधा शेजारूनच येते, म्हणून मी धावत तिथे गेले. मावशी हात सुकवण्याच्या यंत्राखाली फरशी पुसायचे फडके धरून उभ्या होत्या. फडके पुढे नेले की यंत्र सुरू, मागे घेतले की बंद. दर दोन सेकंदांनी एक. त्या फडक्याच्या वासाचे वर्णन मी सरकारी भाषेत करू शकत नाही. तो वास आणि आमचा शोध एकाच वेळी माझ्या नाकात शिरला, एवढेच नमूद करते.

५. मावशींना विचारले असता त्या म्हणाल्या, "गच्चीवरची दोरी काढली ना ताई. दोन फडकी, चार मजले. वाळवू कुठं? ओल्यानं पुसलं तर तुम्हीच नाकाला पदर लावता." दोरी आपल्या परिपत्रकानुसार, पाहुण्यांना गच्ची नीटनेटकी दिसावी म्हणून, १२ सप्टेंबर रोजी काढण्यात आली. लहर १४ सप्टेंबरला आली. मधला एक दिवस रविवार होता.

६. प्रसंगोपात्त एक माहिती देणे भाग आहे. माझ्या टेबलाला हादरे मोजणारे उपकरण आहे आणि स्वच्छतागृहाचे दार आपटले की त्यात नोंद होते. अकरा महिन्यांच्या नोंदी मी आता पुन्हा तपासल्या. दार दिवसाला सरासरी साठ वेळा आपटते. हात सुकवण्याचे यंत्र चालले की तारेच्या नोंदीत लहर उमटते, त्यावरून मावशींचे फडके वगळता ते सात वेळा चालते. कागदी रुमाल आपण बंद केलेले आहेत. काही जण खिशातला रुमाल वापरत असतील, हे मान्य करूनही उरलेल्या हातांचे काय, हा प्रश्न मला जेवू देत नाही. हेच हात चहाच्या वेळी बिस्किटांच्या सामाईक डब्यात जातात. शाल मिळाली त्या दिवशी विभागप्रमुखांनी माझे दोन्ही हात हातात घेऊन अभिनंदन केले होते. तेव्हा ते कुठून आले होते, त्याची वेळेसह नोंद माझ्याकडे आहे आणि त्या नोंदीनंतर यंत्र चाललेले नाही.

७. तथापि या अर्जातील खरी घाण पुढेच आहे. मिठाच्या पाण्याची नोंद मी विभागप्रमुखांना दाखवली आणि शोधनिबंध मागे घ्यावा असे सुचवले. त्यांनी दार लावून घेतले. "हे बघा, बाईंनी फडकं वाळवायला मे महिन्यात सुरुवात केली असली, तर एप्रिलपर्यंतचं आपलं काम शाबूत राहतं. मग ही बाहेरून झालेली ढवळाढवळ ठरते," असे ते म्हणाले. चार दिवसांत त्रिसदस्यीय समिती बसली. मावशींचा जबाब आधीच टाइप होऊन आला होता. 'मी मे महिन्यापासून संस्थेच्या उपकरणाचा गैरवापर करून संशोधनात व्यत्यय आणला,' असे त्यात होते. चौदा वर्षे ज्यांनी आमच्या सांडलवंडीवर फडके फिरवले, त्यांच्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून ते उलटे फिरवले.

८. त्या जबाबावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मला कुणी धमकावले नाही. विभागप्रमुखांनी फक्त पेन पुढे केले आणि माझी बढती डिसेंबरमध्ये आहे याची आठवण करून दिली. मी सही केली, खोलीत आले आणि साबणाने तीन वेळा हात धुतले. स्वतःची इतकी शिसारी मला लेंड्या उचलतानाही कधी आली नव्हती.

९. काल मावशी नोटीस घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्या घरी त्यांच्या पगाराशिवाय दुसरे काही येत नाही. त्यांना वाचता येते, पण सावकाश. मे महिना कुठून आला हे त्यांना समजत नव्हते. मी विचारले, "मावशी, न वाचता सही कशी केलीत?" त्या म्हणाल्या, "वर तुमची सही होती ना ताई. म्हटलं, ताईंनी वाचलं असेल."

१०. सबब विनंती की, माझी साक्ष खोटी असल्याने ती रद्द समजावी. फडके १३ सप्टेंबरनंतर रोज वाळत होते, आणि ते आपल्या परिपत्रकामुळे तिथे वाळत होते, याची नोंद घ्यावी. मावशींची नोटीस रद्द करून चौकशी माझ्यावर लावावी. शोधनिबंध मागे घेण्याचे पत्र मी आज सकाळी संबंधित नियतकालिकाला पाठवले आहे. त्यावर विभागप्रमुखांची सही नाही, ती मी मागितलीही नाही. उत्तर ३१ तारखेच्या आत मिळावे. त्यानंतर मिळालेले उत्तर मला मिळेल, मावशींना त्याचा उपयोग नाही.

आजवर नको तितकी नम्र राहिलेली,

(सही)
संशोधक, खोली क्र. २१४
दि. २० ऑगस्ट

सोबत :
१) उंदराची व मिठाच्या पाण्याची नोंद, शेजारी शेजारी. (ओळखून दाखवावे.)
२) दोरीचे परिपत्रक.
३) सदर फडके, दोन पिशव्यांत बांधून. कृपया उघडू नये.
४) नियतकालिकाला पाठवलेल्या पत्राची प्रत.
५) मावशींचा खरा जबाब. हा मी त्यांना आधी दोनदा वाचून दाखवला, मग त्यांनी स्वतः वाचला, आणि त्यांची सही झाल्यावर खाली मी केली.