अर्ध्या अंशाची खाडाखोड

९ मार्च, सकाळी ८.४५
ऑफिसात टेबलाशी बसून लिहितो आहे. साडेआठला झडपांच्या पेटीतले दोन्ही तापमापक वाचून आलो. कोरडा २४.२. ओला, म्हणजे ज्याच्या फुग्याला भिजकी मलमल गुंडाळलेली असते तो, १९.६. मलमलीतलं पाणी उडतं तसा तो थंड होतो. दोघांतला फरक जितका मोठा तितकी हवा कोरडी. नववीत शाळा सुटली, तरी एवढं मला येतं.

मग नोंदवहीत कालचं पान पाहिलं. मी २३.८ लिहिलं होतं. तिथे २४.३ आहे. कागद ब्लेडने खरवडलेला. अक्षर दाजींचं.

१० मार्च
आजही तेच. दोन्ही आकडे अर्ध्या अंशाने वाढवलेले. दाजी ताईचे यजमान, आणि या वेधशाळेचे प्रमुखही तेच. पुढच्या महिन्यात मला कायम करायचं की नाही, हे त्यांच्या हातात. मला नालायक ठरवायचा डाव आहे, दुसरं काय!

दुपारी जेवताना ताईला म्हणाले, "तुझ्या भावाचं अक्षर मोत्यासारखं आहे हो. बाकी आनंद."
घास गिळला. त्यांच्याच घरचा होता.

११ मार्च
आजपासून माझे खरे आकडे वेगळ्या वहीत.

२२ मार्च
अकरा दिवसांत अकरा वेळा. वरच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. तीनदा उतरवून काढलं, एकही खाडाखोड नाही. ताईचा विचार आला. तरी टाकलं.

२ एप्रिल
तपासणी साहेब आले. पानं उजेडाकडे धरली. माझी वही शेजारी ठेवली.
"हे तुम्ही केलंत?"
"केलं," दाजी म्हणाले.
"कारण?"
दाजी माझ्याकडे बघत राहिले. "कारण काही नाही. लिहा तसं."

लिहिलेला आकडा खरवडण्याला माफी नाही, साहेब म्हणाले. दाजी निलंबित. क्वार्टर आठवड्यात रिकामं करायचं. मूळ आकडे कायम. ते मी माझ्या वहीतून लाल शाईने परत लिहिले, खाली सही केली.

दारात दाजी म्हणाले, "झालं समाधान? उद्या मलमल बदल, काळी पडली आहे."
जाता जाताही खोट काढायचीच.

९ एप्रिल, सकाळी ८.५०
त्यांचं सामान टेम्पोत चढलं. ताई स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन पेटीपाशी आली.
"यावर उभा राहून बघ. खालून बघितलं की पारा अर्धा अंश कमी दिसतो. पहिल्याच आठवड्यात यांच्या लक्षात आलं होतं."
"मग मला सांगायचं होतं."
"तुझ्या उंचीवरून कुणी बोललं की दोन दिवस जेवत नाहीस तू. आणि साहेबांना सांगितलं असतं, तर तुला कायम कोण करणार होतं?"
स्टूल ठेवलं आणि गेली.

वर चढलो – २५.१. उतरलो – २४.६. परत चढलो – २५.१.
नोंदवहीत आजची जागा अजून कोरी आहे.