पैनगंगेत सोडलेली वही

जानेफळ, १९६४

रूबेन गुरुजींले शालिग्रामचा नमस्कार.

तुमचं इस्रायलहून पत्र भेटलं. तुमच्या मंडळी सिप्पोराबाई वारल्या, आता त्यांच्या अक्षरातली वही तेवढी धाडा, असं तुमी लिहिलं. मागच्यांसारखं हेही उत्तर न धाडता पेटीतच राहणार, म्हणून खरं सांगतो.

बाईंनी मराठीत उतरवलेली तुमच्या ज्यू धर्मातल्या हसिदी संतांची प्रवचनं तुमी गेल्यावरही आमी तिघं शिष्य दर शनिवारी वाचत होतो. उन्हाळ्यात वहीले वाळवी लागली. आमच्यातला इंद्रभान म्हणे, "देवाचं नाव हाय, जाळता येत नाही." म्हणून जुन्या पोथीसारखी पैनगंगेत सोडली. पाणी कमी होतं. वही दगडाले अडकली. शाई विरघळेपर्यंत आमी हात जोडून उभे राह्यलो. सोडली तवा अर्धी पानं वाळवीतून शाबूत होती, गुरुजी. काढाले कोणी वाकलं नाही.

तुमचाच,
शालिग्राम